पुण्याहून वैद्यकीय पथक न्यायचं असेल तर

माझं दत्तवाडीत मेडिकल आहे. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. पथकात माझ्याकडे औषधांच्या पेट्या असतात, वह्या असतात आणि लोकांना 'नाही' म्हणायचं काम असतं. दर पावसाळ्यात कुठे पूर आला, दरड कोसळली की कुणीतरी दुकानात येतं, "ताई, आमच्या ग्रुपला मदतीला जायचंय, काय काय न्यायचं?" काउंटरवर गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना हे नीट सांगून होत नाही, म्हणून एकदाचं लिहून काढते. यातलं बरंचसं पुराबद्दल आहे, कारण पुण्याहून पथकं बहुतेक वेळा पुरालाच जातात, कृष्णा-पंचगंगेच्या काठी नाहीतर घाट उतरून कोकणात.

आधी एक गोष्ट पथकातल्या सगळ्यांनी मान्य करून टाकायची: जीव वाचवायला आपण वेळेवर पोहोचत नसतो. पाण्यातून, ढिगाऱ्यातून माणसं काढतात ती शेजारीपाजारी, आणि मग एनडीआरएफ. आपण सुट्ट्या टाकून, गाडी ठरवून, घाट ओलांडून पोहोचेपर्यंत दुसरा-तिसरा दिवस उलटलेला असतो. त्यामुळे ज्यांना थरार हवा असेल त्यांनी येऊच नये. आपलं काम त्यानंतरचं असतं आणि ते बऱ्यापैकी कंटाळवाणं असतं.

संकट कुठलं, यावर पेशंट कुठले ते ठरतं. किल्लारीला भूकंपात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना, दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. अशा वेळी हाडांचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ, रक्त आणि प्लास्टर लागतं. गोळ्यांच्या पेट्या घेऊन गेलेल्या पथकाने तिथे तंबूत ओपीडी थाटण्यापेक्षा जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जाऊन हाताखाली उभं राहावं. माळीणला ३० जुलै २०१४ ला दीडशेवर माणसं गेली, जिवंत निघाली ती मोजकीच. दरडीत हे असंच होतं. तिथे वैद्यकीय मदत जास्त लागते ती दिवस-रात्र माती उपसणाऱ्यांना: हातमोजे, ड्रेसिंग, टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाचं) इंजेक्शन, प्यायला पाणी. आणि बाजूला बसून राहिलेल्या नातेवाइकांना. मृतदेहांमुळे साथ पसरते ही भीती मात्र कुणी घालत असेल तर डॉक्टरांनी तिथल्या तिथे खोडून काढावी. अपघाताने गेलेल्या माणसाच्या देहातून साथी उठत नाहीत. या भीतीपायी ओळख न पटवता घाईने अंत्यविधी उरकले की मागे राहिलेल्यांचे आयुष्यभराचे हाल होतात.

पुराचं मात्र वेळापत्रक असतं. पाणी असेपर्यंत जखमा, साप, थंडीताप, पायाला चिखल्या आणि औषधं वाहून गेलेले बीपी-शुगरवाले. पाणी उतरलं आणि लोक घरं धुवायला गेले की जुलाब, कापलेले पाय, खरूज, डोळे येणं. चिखलात काम केल्यापासून साधारण आठ-पंधरा दिवसांत लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा आजार) ताप. साठलेल्या डबक्यांमुळे दोन-तीन आठवड्यांनी डेंग्यू. आणि महिना-दीड महिन्याने, जेव्हा टीव्हीवाले, ट्रक, पुढारी सगळे निघून गेलेले असतात, तेव्हा कावीळ. म्हणून माझा आग्रह असा की पंधरा जणांची एक मोठी फेरी करू नका. सात-आठ जणांच्या दोन आणि शेवटची त्याहून छोटी अशा तीन फेऱ्या करा, एक पाणी उतरताना, एक पंधरवड्याने आणि एक महिन्यानंतर. तिन्ही वेळा त्याच गावांत. पहिल्या फेरीला माणसं नको तेवढी मिळतात, तिसरीला मिळत नाहीत. तिसरीची नावं पहिल्या फेरीच्या आधीच लिहून घ्या.

निघण्याआधीचे फोन

१०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर. दुसऱ्या जिल्ह्यात लावताना त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड आधी लावायचा. तिथून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं कार्यालय आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचा (टीएचओ) नंबर मिळतो. टीएचओंशी बोलणं झाल्याशिवाय गाडीला स्टार्टर मारायचा नाही. ओळखीच्या सरपंचाने बोलावलं, आमदारांच्या पीएने बोलावलं, भावोजींचं गाव आहे, हे सगळं ठीक आहे, पण टीएचओंना माहीत नसलेलं पथक म्हणजे त्यांच्या डोक्याला आणखी एक ताप. एकाच शाळेत तीन पथकं आणि पलीकडच्या वाडीत एकही नाही, असं होतं ते यामुळेच.

फोनवर "आम्ही येऊ का" असं विचारू नका. कुणी नको म्हणत नाही. असं विचारा: कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर (पीएचसी) ताण आहे, तिथे काय कमी पडतंय, कुठले कर्मचारी स्वतःच पूरग्रस्त आहेत? हा तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा. पीएचसीच्या सिस्टरचं, आशाताईंचं घरही पाण्यात गेलेलं असतं आणि तरी त्या ड्यूटीवर असतात. आपल्या दोन नर्सनी तिची रात्रपाळी घेतली आणि ती घरचा चिखल काढायला गेली, तर ते काम कुठल्याही शिबिरापेक्षा मोठं आहे. फोटो काढण्यासारखं नाही, एवढंच.

उत्तर आलं नाही तर एक दिवस थांबा. सामान बांधून ठेवा आणि थांबा. हे पुणेकरांना जड जातं.

कागद: डॉक्टरांच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीची प्रत, नर्स आणि फार्मासिस्टच्या नोंदणीची प्रत, सगळ्यांची आधारकार्डं, रक्तगट, घरच्यांचे नंबर, आणि पथकाची यादी लेटरहेडवर. इंटर्न नेणार असाल तर त्यांच्या कॉलेजची लेखी परवानगी. तोंडी परवानगी चालत नाही. रस्त्यात काही झालं तर विचारणा लेखीच होते.

कोण हवं, कोण नको

दोन डॉक्टर, त्यातली एक बाई असलीच पाहिजे. अंगावरून जातंय, जळजळ होतेय, पाळी चुकलीय, हे पन्नास लोकांसमोर पुरुष डॉक्टरला कुणी सांगत नाही. दुसरे डॉक्टर जनरल प्रॅक्टिसवाले, रोज साठ-सत्तर पेशंट बघायची सवय असलेले. सुपरस्पेशालिस्ट लोकांबद्दल आदर आहे, पण त्यांना तपासण्यांशिवाय चैन पडत नाही आणि तिथे तपासणी म्हणजे ग्लुकोमीटर. दोन नर्स. एक फार्मासिस्ट. वही धरायला एक माणूस, शांत डोक्याचा, अक्षर बरं असलेला. आणि रांगेला एक-दोन जण. रांगेसाठी गणपती मंडळाची पोरं घ्या. विसर्जन मिरवणुकीत दोर धरलेल्या पोरांना आजीला पुढे कसं घ्यायचं आणि घुसणाऱ्याला न भांडता मागे कसं पाठवायचं हे शिकवावं लागत नाही.

ड्रायव्हरला पथकाचा सभासद धरा, त्याला झोपायला जागा द्या. त्याने रात्रभर गाडी चालवायची आणि दिवसा गाडीतच पेंगायचं, हे चालणार नाही.

फोटोग्राफर नको. फ्लेक्स नको. पेशंटचे फोटो कुणीच काढायचे नाहीत.

पेट्या

आता माझं खातं. सगळ्यात आधी दुकानाच्या किंवा सोसायटीच्या दारावर पाटी लावा: "उघडलेली, उरलेली, मुदत संपत आलेली औषधे स्वीकारली जाणार नाहीत. वाद घालू नये." तरी वाद होतोच. लोक कळवळ्याने पिशव्या आणतात, त्यात अर्धी खोकल्याची बाटली, आजोबांच्या गेल्या ऑपरेशनच्या उरलेल्या पाच गोळ्या, मुलीचं मुरमांचं मलम, परदेशातून आणलेल्या व्हिटॅमिनचा डबा. हे वेगळं करत बसायला तीन माणसांचा दिवस जातो आणि हाती काही लागत नाही. दान केलेल्या औषधांना किमान वर्षभराची मुदत शिल्लक असावी, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतलाच दंडक आहे, आणि पेशंटकडून परत आलेली औषधं घेऊ नयेत हाही. सरळ पैसे मागा. एका नोंदणीकृत संस्थेच्या खात्यावर घ्या, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नको. मग सदाशिव पेठेतल्या घाऊक विक्रेत्यांकडून लायसन्सधारक दुकानाच्या नावाने, बॅच नंबरसकट बिल करून औषधं घ्या. जेनेरिक घ्या. प्रत्येक औषधाचा एकच ब्रँड आणि एकच ताकद, म्हणजे शेवटच्या तासाला दमलेला माणूस ५०० च्या जागी ६५० देत नाही.

काय घ्यायचं ते टीएचओंच्या यादीवर ठरवा. माझ्या पेट्यांत कायम असतं ते असं. ओआरएसची एक लिटरचीच पाकिटं, कारण लिटरची पाण्याची बाटली सगळीकडे मिळते आणि माप चुकत नाही. टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएस समजून कुणी देत असेल तर ती बाजूला ठेवा. लहान मुलांच्या जुलाबाला झिंकच्या विरघळणाऱ्या गोळ्या, सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब थांबले की आया गोळ्या बंद करतात, म्हणून चौदाही गोळ्या एकाच पाकिटात देऊन समोर मोजून दाखवायच्या. पॅरासिटामॉल भरपूर, गोळ्या आणि सिरप. अंगदुखीला डायक्लोफेनॅक मागणारे खूप येतात; पूरग्रस्त भागात ताप असलेल्याला ते द्यायचं नाही. तो ताप डेंग्यूचा असला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि लेप्टोचा असला तर मूत्रपिंडावर आणखी ताण येतो.

डॉक्सिसायक्लिनबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ही गोळी प्रसादासारखी वाटलेली पाहिली आहे. पुराच्या पाण्यात, चिखलात काम करणाऱ्या मोठ्या माणसाला लेप्टोच्या प्रतिबंधासाठी डॉक्टर २०० मिलिग्रॅम देतात, संपर्क चालू असेपर्यंत आठवड्यातून एकदा. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना ती देत नाहीत, त्यांच्यासाठी डॉक्टर वेगळं बघतात. रिकाम्या पोटी घ्यायची नाही. भांडंभर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेतल्यावर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. निवारा शाळेत दिवसभर दमलेली माणसं रात्री आठला गोळी घोटभर पाण्याने गिळतात आणि सतरंजीवर आडवी होतात. म्हणून ही गोळी सकाळच्या पोह्या-उपम्यानंतर, आपल्या समोर.

बीपी-शुगरवाल्यांचा सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे फाइल वाहून गेलेली असते आणि "ती छोटी पांढरी गोळी, सकाळची" एवढंच आठवत असतं. त्यासाठी मी एका पुठ्ठ्यावर नेहमी चालणाऱ्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा चिकटवून ठेवल्या आहेत: ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, थायरॉइडची बाटली, फिट्सची फेनिटॉइन. आजोबा बोट ठेवतात. त्यावरून थेट गोळी द्यायची नाही, डॉक्टर बीपी-शुगर बघून ठरवतात, पण विचारपूस अर्ध्या वेळात होते. गावातल्या मेडिकलवाल्याचा फोन लागला तर आणखी उत्तम, त्याला त्याची गिऱ्हाइकं पाठ असतात. फिट्सची गोळी अचानक तुटणं सगळ्यात धोक्याचं, तेव्हा रांगेतच विचारून अशा लोकांना पुढे घ्या. टीबीची आणि एआरटीची (एचआयव्हीवरची) औषधं आपण न्यायची नाहीत. ज्यांची वाहून गेली त्यांची यादी करून त्याच दिवशी पीएचसीला द्यायची. त्यांची व्यवस्था असते, फक्त कळायला हवं. तिथे नाव मोठ्याने विचारू नका.

इन्सुलिनची वापरातली व्हायल उन्हापासून दूर, साध्या तापमानात साधारण चार आठवडे टिकते, हे पेशंटला सांगा. वीज नाही म्हणून लोक ती फेकून देतात. लसी मात्र २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. टीडी आपल्या थर्माकोलच्या डब्यातून नेण्याचा हट्ट करू नका, पीएचसीच्या फ्रिजमधून घ्या. खरजेचं परमेथ्रिन द्यायचं तर घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री, मानेपासून तळपायापर्यंत. नुसत्या खाजणाऱ्याला दिलं तर आठवड्याने तोच परत. गढूळ पाण्यात झालेली जखम भरपूर धुवायची; शिवायची घाई करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, बहुतेकदा ती काही दिवस उघडीच ठेवतात.

गोळ्या कागदी पाकिटात आणि पाकीट झिपच्या पिशवीत. पाकिटावर सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र, आणि त्याखाली गोळ्यांचे गोल. वाचता न येणाऱ्यांसाठी म्हणून सुरू केलं, पण चष्मा वाहून गेलेल्या मास्तरांनाही तेच लागतं. पेट्यांना नंबर घाला आणि झाकणाच्या आत यादी चिकटवा. ड्रेसिंगची पेटी सगळ्यात शेवटी गाडीत चढवायची, म्हणजे पहिली उतरते. ताडपत्री, दोर, गमबूट, प्लास्टिकच्या पेट्या बोहरी आळीत एका फेरीत होतात. रविवारी जाऊ नका, गर्दीने जीव जातो.

रस्ता आणि मुक्काम

२०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ पाणी आलं आणि पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद होता; २०२१ च्या जुलैतही तेच. चिपळूणला जायचं तर उंब्रज, पाटण, कोयनानगर करून कुंभार्ली घाट, महाडकडे ताम्हिणी किंवा वरंधा. वरंधा पावसाळ्यात वारंवार बंद असतो, तेव्हा मॅपवर न विसंबता भोरच्या बाजूच्या पोलिसांना फोन करून निघा. घाट दिवसाउजेडी. एटीएम बंद असतात, रोख ठेवा.

होडीत बसायची वेळ आली तर लाइफ जॅकेटशिवाय आणि क्षमतेबाहेर एकही माणूस चढणार नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि कितीतरी जीव गेले. पथकप्रमुखाने नाही म्हटलं की तिथे चर्चा नाही.

निवाऱ्यातलं जेवण आपण जेवायचं नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू, वीस लिटरचे पाण्याचे जार घेऊन जा. गावकरी आग्रह करतात, तेव्हा चहा घ्या.

ओपीडी आणि वही

जागा आशाताईंना विचारून ठरवा. शाळेच्या व्हरांड्यात टेबलं अशी लावा की माणूस एका बाजूने शिरेल आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडेल: नाव, बीपी-ताप, डॉक्टर, औषध. बाई डॉक्टरांच्या टेबलामागे साडीचा किंवा चादरीचा आडोसा. वर्गांतून एक फेरी नर्सने मारायची, कारण खरे आजारी रांगेत येत नाहीत, ते कोपऱ्यात पांघरूण घेऊन पडलेले असतात. आशाताईंकडे गरोदर बायकांची यादी असते. ज्यांचे दिवस भरत आलेत त्यांची नावं वेगळी लिहा आणि १०८ ची गाडी त्या गावापर्यंत पोहोचू शकते का ते आजच विचारून ठेवा. जवळच्या कुठल्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे, हेही. साप चावला तर आवळून बांधणं नाही, कापणं नाही. हात किंवा पाय हलू न देता गाडीत घालायचं.

झोप येत नाही म्हणणारे पुष्कळ असतात. झोपेच्या गोळ्या वाटू नका. बोलायला येणाऱ्याला बोलू द्या आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पाकिटावर लिहून द्या.

वहीचं सांगायचं राहिलं, आणि माझ्या मते पथकातली सगळ्यात मोलाची वस्तू ती आहे. नाव, वय, वाडी किंवा गल्ली, तक्रार, दिलेलं औषध. गल्लीचा रकाना कुणी गाळू देऊ नका. संध्याकाळी जुलाब, ताप, कावीळ यांच्या रेघा गल्लीनिहाय मोजायच्या. जुलाबाच्या रेघा एकाच गल्लीत साठल्या तर तिथला नळ किंवा विहीर बघायची. ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, पण पोतं ओलं झालेलं किंवा उघडं पडलेलं असेल तर त्यातली क्लोरीन उडून गेलेली असते. पाण्यातली क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट समोर करून घ्या. पाणी पिवळं झालं नाही म्हणजे क्लोरीन नाही. घरोघर मेडिक्लोर (पाण्यात टाकायचं क्लोरीनचं द्रावण) द्या, बाटलीवरच्या प्रमाणात थेंब टाकून अर्धा तास थांबायला सांगा. एक विहीर सुधारली तर औषधाच्या दोन पेट्या वाचतात. त्या दिवसाची बेरीज रात्रीच पीएचसीला, कारण त्यांना वर कळवायची असते आणि साथ ओळखायची ती त्यावरूनच.

सुया कटरमध्ये, कचरा पिवळ्या-लाल पिशव्यांत, आणि पिशव्या पीएचसीच्या ताब्यात. शाळेच्या मागे खड्डा खणून पुरणं नाही. गाजावाजा करून आलेलं एक पथक जाताना अँटिबायोटिकचा ढीग वर्गात तसाच टाकून गेलेला मी पाहिलाय. पोरं त्या स्ट्रिपांनी खेळत होती. उरलेली औषधं यादी करून, मुदत लिहून, पोच घेऊन पीएचसीच्या फार्मासिस्टला द्या. त्याला नको असतील ती परत आणा.

हे सगळं आधी करून बघायला गाव लांबचं लागत नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं किंवा ओढ्याला पूर आला की आपल्याच नदी-ओढ्याकाठच्या वस्त्या मनपाच्या शाळांत येतात. २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याने आणि २०२४ च्या २५ जुलैला एकतानगरीने ते दाखवलं आहे. तिथे वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारून एक संध्याकाळ टेबलं लावा. कोण चिडतं, कोणाला अक्षर वाचता येत नाही, कुठली पेटी चुकीच्या जागी आहे, सगळं कळतं.

महिन्यानंतरच्या फेरीला गाडी छोटी पुरते: एक डॉक्टर, एक नर्स, फार्मासिस्ट आणि पहिल्या फेरीची वही. डोळे पिवळे दिसतात का, लघवी गडद होते का, जेवण जात नाही का, हे त्याच गल्ल्यांतून विचारत जायचं, आणि गरोदर बायकांना सगळ्यात आधी. काविळीचा ई प्रकार त्यांच्या जिवावर बेततो, तेव्हा संशय आला तरी तिला उद्यावर न ठेवता त्याच गाडीतून ग्रामीण रुग्णालयात न्यायचं. म्हणून या फेरीला मागची सीट रिकामी ठेवा.